मखदूम बाबा अरब की कोकणी?

प्रश्न : डिसेंबरात माहीमच्या उरुसात पोलीस संदल (कबरीला लावायचा चंदनाचा लेप) घेऊन निघतात, ते मखदूम बाबा मूळचे कुठले? आमचे एक शेजारी त्यांना अरब म्हणतात, दुसरे कोकणी. – एक वाचक, दादर

उत्तर : दोघांचंही खरं आहे, पण माझा कौल दुसऱ्या शेजाऱ्यांना. मी स्वतः कोकणी मुसलमान आहे, तेवढा पक्षपात धरून चाला. मखदूम अली माहिमी हे नवायत या किनाऱ्यावरच्या मुस्लिम समाजातल्या घराण्यातले. इराकचा सुभेदार हज्जाज बिन युसूफ याच्या जाचाला कंटाळून आपले पूर्वज गलबतांनी पश्चिम किनाऱ्याला लागले, असं नवायत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. हज्जाज वारला ७१४ साली, बाबा जन्मले १३७२ साली. मधे साडेसहाशे वर्षं! एवढ्यावरही घराणं परकंच म्हणायचं, तर मुंबईत मूळचं उरेल कोण?

समुद्रमार्गे आल्याची एक खूण मात्र टिकली. इस्लामी धर्मशास्त्राच्या पंथांपैकी उत्तरेकडचे मुसलमान बहुतेक हनफी, आम्ही किनाऱ्यावरचे शाफई, बाबाही शाफईच. आमच्याकडे माकूल बिनदिक्कत शिजतं, हनफींना समुद्रातले फक्त मासेच चालतात, म्हणून हनफी पाहुणा ताट बाजूला सारतो. मग त्याच्यासाठी वेगळी सुरमई तळा!

बाबांचे वडील शेख अहमद, आई फातिमा. आईने रात्री पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत तिला झोप लागली, आणि मुलगा पेला धरून पहाटेपर्यंत उभा राहिला, ही गोष्ट माझी दादी आम्हां नातवंडांना हमखास ऐकवायची, विशेषतः कुणी कामाला नाही म्हटलं की. ती दंतकथा असो. आईची कबर दर्ग्यात मुलाजवळच आहे.

पोलिसांच्या मानाबद्दल म्हणाल, तर बाबा राहायचे तिथेच आज माहीम पोलीस ठाणं आहे, अशी श्रद्धा आहे.

मला खटकतं ते निराळंच. पाळणे आणि हलव्याच्या दुकानांपुढे त्यांची विद्वत्ता कुणाला आठवत नाही. त्यांनी अरबीत कुराणावर ‘तब्सीरुर्रहमान’ हे भाष्य लिहिलं. एक आयत (कुराणातलं वचन) दुसरीला कशी जोडलेली आहे, हे ते उलगडत जातात. एक सोडून बाकी प्रत्येक सूरेच्या (अध्यायाच्या) आरंभीची बिस्मिल्लाह तीच, पण त्या-त्या सूरेच्या आशयाप्रमाणे तिचा अर्थ ते दर वेळी नव्याने लावतात. सूफी विचारवंत इब्न अरबीच्या ‘फुसूस’ या ग्रंथावरही त्यांचं भाष्य आहे. १४३१ साली ते वारले. एकोणिसाव्या शतकात हे कुराणभाष्य छापलं गेलं ते थेट कैरोच्या बुलाक छापखान्यात.