पक्ष आपला, उमेदवार नावडता : मत द्यायचं का?

प्रश्न : आमच्या घरात आजोबांपासून एकाच पक्षाला मत जातं. मी स्वतः कॉलेजात असल्यापासून सभांना जाते, घरोघरी स्लिपा वाटल्यात, बूथवर बसलेय. २०२४ च्या विधानसभेला आमच्याकडे ज्याला तिकीट मिळालं तो आधीच्या निवडणुकीत समोरच्या पक्षाकडून उभा होता, आम्ही त्याच्या विरोधात दारोदार फिरलो होतो, आणि अर्ज भरायच्या तोंडावर तो आमच्यात आला, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, त्यालाच, आणि वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारे बघत राहिले. पक्षातले लोक म्हणाले उमेदवार बघू नका, चिन्ह बघा. नाइलाजाने दिलं मत, पण अजून मनाला लागलंय. परत असं झालं तर काय करू?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही बटण दाबलंत त्यात काही गैर केलं असं मला अजिबात वाटत नाही. पण ‘चिन्ह बघा’ हे मला अर्धंच पटतं.

आधी पटतं ते सांगतो. आमदार विधानसभेत गेला की महत्त्वाच्या मतदानाला त्याची स्वतःची आवडनिवड फारशी चालत नाही. १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला, घटनेतलं दहावं परिशिष्ट, तेव्हापासून पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मतदान करायचं याचा आदेश, काढला आणि आमदाराने उलटं मतदान केलं तर त्याचं पद जाऊ शकतं. म्हणजे सरकार कुणाचं बनणार, बजेट पास होणार की नाही, एखादा कायदा येणार की नाही, यात तुमचा तो नावडता आमदार हात वर करणार तो पक्ष सांगेल तसाच. तुम्हाला पक्षाची धोरणं मनापासून पटत असतील तर उमेदवार कसाही असला तरी त्या एका हाताला किंमत आहे, आणि एका एका मताला किती किंमत असते ते २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये सगळ्यांनी पाहिलं, तिथे निकाल फक्त ४८ मतांनी लागला. त्या मतदारसंघात उमेदवार आवडला नाही म्हणून घरी बसलेली चार-दोन कुटुंबं दोन्ही बाजूंना असणारच की.

आता न पटणारं. हे सगळं गणित एकाच गोष्टीवर उभं आहे, की निवडून गेलेला माणूस त्या पक्षात राहील. आणि आपल्याकडे नेमकं तेच राहिलं नाही. २०१९ ला लोकांनी ज्या चिन्हांवर मतं दिली त्यातला एक पक्ष, शिवसेना, जून २०२२ मध्ये फुटला, दुसरा, राष्ट्रवादी, जुलै २०२३ मध्ये, दोन्हीकडे मूळ पक्ष आमचाच असा दावा झाला, अपात्रतेच्या याचिका विधानसभा अध्यक्षांकडे गेल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला निकाल आले तेव्हा कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. कुणाची बाजू बरोबर होती त्यावर घराघरात भांडणं झालीत, मी त्यात पडत नाही. पण ज्याने चिन्ह बघून मत दिलं त्याच्या हातात काय राहिलं याचं उत्तर आजवर मला कुणी धड दिलेलं नाही, आणि याचा मला खरोखर त्रास होतो.

म्हणून माझं म्हणणं असं की चिन्ह बघाच, पण उमेदवाराची एक गोष्ट त्याच्याबरोबर बघा, हा माणूस टिकेल का. दर निवडणुकीला नवा झेंडा खांद्यावर घेणारा असेल तर ‘पक्षाला मत दिलं’ हे समाधानसुद्धा तुमच्या हाती लागणार नाही. बाकीच्या खोडी, म्हणजे भाषण येत नाही, फोन उचलत नाही, बाहेरून आणून लादलाय, साहेबांचा भाचा आहे, या राग येण्यासारख्या आहेत पण मी अशा उमेदवाराला मत देईन, तोंड वाकडं करून का होईना.

जिथे मी थांबेन ती जागा वेगळी आहे. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, फॉर्म २६, निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. त्यात किती गुन्हे एवढंच मोजू नका, कलमं वाचा. आंदोलनात रस्ता अडवला, जमावबंदी मोडली, असल्या केसेस कार्यकर्त्यावर असतातच. पण बाईवर अत्याचार, खंडणी, मारहाण, आणि त्यातही कोर्टाने आरोप निश्चित केलेत असा रकाना भरलेला दिसला तर माझ्या दृष्टीने विषय संपला, तो पक्ष माझ्या बापजाद्यांचा असला तरी. फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गुन्हे असलेला उमेदवार दिला तर तोच का निवडला याची कारणं पक्षाने ४८ तासांत जाहीर करायची, आणि नुसतं ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. ती कारणं शोधून वाचा. बहुतेक वेळा समाजकार्य, लोकप्रियता असलं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचल्यावर पक्षाने तुमच्याबद्दल किती विचार केलाय तेही कळतं.

आणि ताई, नाइलाजाने मत दिलं म्हणजे गप्प बसायचं कबूल केलं असं नाही. तुम्ही बूथ सांभाळलाय, तालुक्याच्या मीटिंगला तुमचा शब्द पडतो, तिथे नाव घेऊन बोला. निकालानंतर लगेच बोला, तिकीटवाटपाच्या आठवड्यात कुणी ऐकत नसतं.

प्रश्न : मी सरळ नोटा, म्हणजे ‘यापैकी कुणी नाही’चं बटण, दाबतो. पक्षाला धडा मिळतो ना?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मिळतो की नाही ते लातूर ग्रामीणला विचारा. २०१९ च्या विधानसभेला तिथे नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर आला, २७,५०० मतं, शिवसेनेच्या उमेदवाराला साडेतेरा हजारांच्या आसपास. भाजपबरोबरच्या युतीत जागा शिवसेनेला सुटली होती, त्याचाच हा राग असावा. काँग्रेसचा उमेदवार मात्र लाखाच्या वर मतांनी आरामात निवडून आला. २०२४ ला ती जागा भाजपने लढवली आणि जिंकली. म्हणजे एवढ्या मोठ्या संख्येने एकाच ठिकाणी दाबला तर आवाज वरपर्यंत जात असावा, पण पाच वर्षं आमदार समोरचाच राहिला हेही तितकंच खरं.

नोटा आला सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे, पण विधानसभा-लोकसभेत त्याने निकाल बदलत नाही, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो. महापालिका, नगरपरिषदांचं वेगळं आहे, राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची, आणि दुसऱ्यांदाही तसंच झालं तर मात्र पुढच्या नंबरचा उमेदवार विजयी. तेव्हा एकट्याने रागात दाबायचा असेल तर पालिकेत दाबा, तिथे निदान काही होण्याची शक्यता तरी आहे. तसंही मुंबई सोडली तर बाकी महापालिकांत प्रभागात तीन-चार मतं द्यायची असतात, एक मत नावडत्याला नाकारून बाकीची मतं पक्षाला देता येतात, ही सोय लोक फार कमी वापरतात आणि मग सगळीकडे एकच बटण दाबून येऊन कुरकुर करतात.

प्रश्न : पक्षाचाच चांगला माणूस बंडखोर म्हणून उभा राहिला तर?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यात झालंय की हे. २०२४ च्या लोकसभेला सांगलीची जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह घेऊन, आणि लाखभर मतांनी निवडून आले, नंतर पाठिंबा काँग्रेसलाच दिला. तिथल्या काँग्रेसवाल्या मतदाराने चिन्ह सोडलं पण पक्ष सोडला नाही असंच म्हणावं लागेल.

पण सांगलीत पूर्ण संघटनाच त्यांच्या मागे गेली होती, म्हणून जमलं. बहुतेक ठिकाणी बंडखोर दहा-पंधरा हजार मतं खातो आणि तिसराच निवडून येतो. तेव्हा माघारीची मुदत संपल्यावर एवढंच बघा की तुमच्या भागातले नेहमीचे बूथवाले कुणाच्या टेबलावर बसणार आहेत. ते निम्म्याहून जास्त बंडखोराकडे असतील तर बिनधास्त द्या मत. नसतील तर नावडत्यालाच द्या, आणि मिरजेत बसून मला पुढचं पत्र लिहायच्या आधी तालुकाध्यक्षाला एक लिहा.