‘संप साफ करणार’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका अपार्टमेंटच्या नोटिशीत ‘रविवारी संप साफ करणार, पाणी भरून ठेवावे’ असं लिहिलं होतं. हा संप आणि कामगारांचा संप एकच का? आणि याला मराठी शब्द कोणता?

एकच नव्हे. कामगारांचा संप एकीचा. गुजरातीत आजही ‘संप त्यां जंप’ म्हणतात, एकी तिथे शांती. सगळ्यांनी एक होऊन काम थांबवलं की तो संप. तो विषय संपला.

नोटिशीतला संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, आणि हा शब्द इंग्रजीतून आला. प्यायच्या पाण्याच्या टाकीला कुणी तो शब्द लावला की माझं डोकंच फिरतं, कारण त्याचा मूळ अर्थ दलदल! जर्मनमध्ये ‘झुम्फ’ म्हणजे आजही दलदलच. इंग्रजीतही आधी तोच अर्थ होता. सतराव्या शतकात तो खाणीत उतरला. खाण खोल गेली की चहूबाजूंनी पाझर फुटतात. ते पाणी उताराने तळाच्या एका खड्ड्यात घ्यायचं आणि तिथून उपसायचं. तो खड्डा म्हणजे संप. १७१२ साली न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन इंग्लंडात डडलीजवळ बसलं तेही कोळशाच्या खाणीतलं पाणी काढायला. नकोसं पाणी जिथे गोळा होतं ती ही जागा, आणि आपण तिथलं पाणी पितो म्हणून सांगतोय!

एका व्याख्यानात एका विद्वानांनी हा शब्द ठासून संस्कृत ‘संप्लव’शी, म्हणजे पुराशी, जोडला. साफ चूक. संस्कृतात जिथे ‘प’, तिथे इंग्रजीत सहसा ‘फ’ सापडतो: पितृ-फादर, पाद-फूट, पूर्ण-फुल. इथे तर ‘प’ जसाच्या तसा बसलाय. नुसता कानाला सारखा लागला म्हणून शब्द नात्यातला होत नाही. एवढा साधा नियम व्यासपीठावर चढण्याआधी बघायला हवा होता.

आपल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, जाऊन बघा. इंजिनाखालचं ऑईल साठतं त्या भागाला पुस्तकात संप म्हणतात, पण मिस्त्री म्हणतो ‘चेंबर’. खाली चिरलेला पत्र्याचा डबा सरकवायचा, चेंबरचा नट सोडायचा, की काळंकुट्ट ऑईल धारेनं डब्यात. गल्लीत ड्रेनेज तुंबलं तरी उघडतात तोही चेंबरच. आणि हा चेंबर, फोटोचा कॅमेरा आणि हिंदीतला कमरा, तिघंही लॅटिन ‘कामेरा’चीच लेकरं! कामेरा म्हणजे कमानदार छताची खोली. गटाराचं झाकण उचलताना मला दर वेळी हे आठवतं.

हां, नोटीस. ‘खालची टाकी’ लिहा. वरच्या टाकीला आपण वरची टाकी म्हणतोच की. संप हा शब्द तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यातल्या त्या खड्ड्याला ठेवा, जुलैत जिथे मोटर लावून पाणी बाहेर काढावं लागतं.