'आय'ड' मधला डी: वुड की हॅड?

'यू'ड बेटर गो' फोडून लिहायला आलं, तुम्ही 'यू वुड बेटर गो' लिहिलंत आणि मार्क गेले, बरोबर? 'अपॉस्ट्रॉफी डी म्हणजे वुड' असं क्लासमध्ये घोकून घेतलं होतं म्हणता. अशाच एका क्लासची फी मीही भरली आहे, नाव घेत नाही. अर्धा नियम शिकवायचा आणि वर 'शंका विचारू नका', हा कुठला न्याय?

अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायचा वगैरे तुम्हाला येतच असेल. डीच्या पुढे काय आहे ते बघा. क्रियापदाचं मूळ रूप असेल तर वुड, तिसरं रूप असेल तर हॅड. 'ही'ड गो' म्हणजे वुड, 'ही'ड गॉन' म्हणजे हॅड. 'बेटर'पुढे 'गो' हे मूळ रूप येतं, तरी तिथे हॅडच. तेवढं सरळ पाठ करा. 'रादर' असेल तर वुड लिहा. जुन्या लिखाणात 'हॅड रादर'ही सापडतं, पण परीक्षेत त्या वादात पडू नका.

खरी फजिती कम, रन, पुट, कट यांच्यात होते, कारण पहिलं आणि तिसरं रूप एकच. तिथे मराठी अर्थ लावा. 'ही'ड कम एव्हरी संडे': दर रविवारी यायचा, म्हणून वुड. 'ही'ड ऑलरेडी कम': आधीच आला होता, म्हणून हॅड.

आता हे बघा: 'इफ आय'ड नोन, आय'ड हॅव टोल्ड यू.' पहिला डी हॅड, कारण पुढे 'नोन'. दुसरा वुड, कारण लगेच पुढे 'हॅव' आहे, 'टोल्ड' नाही. घाईत 'टोल्ड'कडे नजर जाते आणि 'आय हॅड हॅव टोल्ड' असं भलतंच लिहून होतं.

जाता जाता: 'येस, आय'ड' असं तुटक उत्तर देऊ नका, तिथे 'येस, आय वुड' पूर्ण म्हणावं लागतं. आणि 'काल पुण्याला गेलो होतो' याचं 'आय'ड गॉन टू पुणे यस्टरडे' करू नका. मराठीत 'होतो' सहज येतं, इंग्रजीत नुसतं 'आय वेंट' पुरतं. हॅड लागतो तो त्यानंतरची दुसरी घटना सांगायची असेल तेव्हा.

मी व्याकरणाचा पंडित नाही. तुमच्या बोर्डाची नमुना उत्तरपत्रिका वेगळं म्हणत असेल तर तिचंच ऐका. अर्जात आणि निबंधात मात्र हे रूप वापरूच नका, पूर्ण लिहा.