तळ्याला धाप लागते तेव्हा

उन्हाळा उतरणीला लागला की माझ्याकडे येणारी पत्रं एका सुरात रडू लागतात : मासा आमिषाला तोंड लावत नाही. या वेळी १७ पत्रं आली, त्यांतल्या ११ पत्रांत हेच रडगाणं. मी ३२ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि गळ टाकून बसले त्याहून जास्त वर्षं. त्यामुळे उत्तरांना कुठे खडूचा वास आला तर सांभाळून घ्या.

बाई, मी तुमचा जुना विद्यार्थी. रसायनात कसाबसा पास झालो होतो, आठवत नसेन. ज्या तळ्यावर थंडीत दर खेपेला मासा लागायचा, तिथे तीन आठवडे रिकाम्या हाताने परततोय. आमिष चार वेळा बदललं. उन्हामुळे मासे खोल गेले असतील म्हणून गळ तळापर्यंत सोडतो. आता पाचवं आमिष कोणतं घेऊ?

आमिषाचा नाद सोड. ताट चार वेळा बदललंस, पण जेवणारा त्या खोलीत आहे का, हे एकदाही पाहिलं नाहीस.

शाळेत शिकवलेलं एक वाक्य आठव : पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू कमी होतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.६. आणि इथेच माशाची पंचाईत होते. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी तापलं की तोही तापतो, आणि पाणी १० अंशांनी चढलं की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे खर्च वाढला आणि नेमका त्याच महिन्यात पगार कापला. त्यात अन्न पचवायलाही ऑक्सिजन लागतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली बऱ्याच जातींची भूक मंदावते. तुझं आमिष नासकं नाही, माशाला ते परवडत नाहीये.

आता तळाचं. ऊन पडलं की आपण तळघरात जातो, तसा मासा खोल जात असेल, हा हिशेब मीही केला होता. एका कडक उन्हाळ्यात ओळीने सहा दिवस ९ मीटरवर गळ सोडून बसले. सहाव्या दिवशी दोरा वर ओढला तर शिशाचा नवा तुकडा काळवंडलेला आणि त्याला सडक्या अंड्याचा वास. मुलांना वर्षानुवर्षं हायड्रोजन सल्फाइड ओळखायला शिकवणारी मी, आणि तो वास नाकाशी येईपर्यंत डोक्यात प्रकाश पडला नाही! जिथे ऑक्सिजन संपलेला असतो, तिथेच हा वायू साचतो. सहा दिवस मी माशांच्या स्मशानात जेवणावळ मांडून बसले होते.

होतं असं. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं. उन्हाळाभर त्यांची सरमिसळ होत नाही. मधे एक पातळ पट्टा असतो, तिथे तापमान मीटरभरात अंशाने किंवा त्याहूनही जास्त झपकन उतरतं. त्याच्या खालच्या पाण्याला ना वारा लागतो, ना उजेड. वरून पडणारा पालापाचोळा आणि मेलेलं शेवाळ तिथे कुजतं आणि असलेला ऑक्सिजन खातं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खाली शिल्लक असते, शेवटी तिजोरी रिकामी. म्हणून महिन्याभरापूर्वी तळाशी लागलेला मासा आज तिथे नसतो.

हा पट्टा शोधायला यंत्र लागत नाही. जड बुडाची बाटली घे, तिला दर मीटरला गाठ मारलेली दोरी बांध, आणि बुचालाही आखूड दोरी बांधून ती वरच्या दोरीला अडकव. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की झटका दे, बूच निघतं आणि बाटली तिथल्याच पाण्याने भरते. मिनिटभर थांब, चटकन वर ओढ, लगेच तापमापक बुडव. माझ्या वहीतली एक नोंद देते : पृष्ठभाग २९, २ मीटरवर २८.५, ३ मीटरवर २८, ४ मीटरवर २४, ५ मीटरवर २१. पट्टा ३ मीटरच्या खाली सुरू होतो, हे तुलाही दिसेल. त्या दिवशी मी गळ ३ मीटरवर, म्हणजे पट्ट्याच्या डोक्यावर टांगला आणि दुपारच्या आत दोन मासे लागले. तुझ्या तळ्यात हा आकडा वेगळा येईल. तळ्यागणिक आणि वाऱ्यागणिक तो बदलतो, म्हणून माझा आकडा उतरवून घेऊ नकोस. परीक्षेतही तू तेच करायचास. आठवतोस मला, चांगला आठवतोस.

आणखी एक. दोन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला असेल तर वारा ज्या काठावर जाऊन आपटतो, तिथे बस. वरचं हवा खाल्लेलं पाणी आणि त्यातलं बारीक खाद्य तिकडे लोटलं जातं, पट्टाही त्या बाजूला खाली दबतो. तोंडावर वारा घेत गळ टाकणं वैतागाचं काम आहे, पण मासा तिकडेच असतो.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की उन्हाळ्यात पहाटेसारखी वेळ नाही. आमचं तळं उथळ आहे, पाणवनस्पतींनी गच्च भरलेलं. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासतात, पण गळाकडे ढुंकून पाहत नाहीत. मासा लागतो तो सकाळी दहानंतर. तुमचं चुकलं की आमच्या तळ्याचं?

माझं. आणि चूक साधी नाही, कारण हा धडा मी फळ्यावर लिहून शिकवलेला आहे.

पहाटेचा सल्ला वाहत्या नदीला आणि थंड पाण्यातल्या माशांना लागू आहे, कारण तिथे पहाटेचं पाणी सगळ्यांत गार असतं. तुमच्या तळ्याचा हिशेब उलटा. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ उजेडात ऑक्सिजन सोडतात, दुपारी पाण्यात त्याची चंगळ असते. रात्री उजेड नाही, तेव्हा त्याच वनस्पती माशांसारख्याच ऑक्सिजन घेत बसतात. रात्रभर उपसा चालतो आणि सूर्य उगवायच्या जरा आधी पाणी सगळ्यांत कंगाल होतं. आ वासणारे मासे भुकेले नाहीत, त्यांना धाप लागली आहे. हवेला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरात थोडा जास्त ऑक्सिजन असतो, तो ते ओरपत असतात. अशा वेळी त्यांना जाळीने गोळा करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याला मासेमारी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दहाची वेळ तुम्ही अनुभवाने शोधलीत, ती बरोबर आहे. मात्र कोंदट, ढगाळ, वारा पडलेले दोन-तीन दिवस लागून आले तर सावध राहा. दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. तळ्यातले मासे एका रात्रीत मरतात ते बहुतेक अशाच हवेत. लोक मग विषप्रयोगाचा संशय घेतात. तोही कधी खरा असतो, पण आधी आदल्या तीन दिवसांची हवा आठवून पाहा.

मरळ आणि मागूर यांना यातून वगळा. त्यांना थेट हवेतून श्वास घेता येतो. मरळ वर येऊन हवेचा घोट घेते तेव्हा ती मजेत असते, आणि अशा पाण्यात गळाला येते तीही तीच.

नदी आटलीय. मधे मधे डोह, बाकी दगडगोटे. डोहाच्या मधोमध गळ टाकतो, मासे डोळ्यांना दिसतात पण जवळ गेलं की पसार. काय चुकतंय?

दोन गोष्टी : तुमची जागा आणि तुमची उंची.

डोहाच्या मध्यावर नाही, डोहाच्या तोंडाशी टाका. जिथे पाणी दगडांवरून खळाळत येऊन डोहात उतरतं, तिथे ते हवा घोळवून आणतं आणि वाहून आलेलं खाद्यही आधी तिथेच पोहोचतं. खळाळाच्या कडेला, धारेच्या लगत पण धारेत नाही अशा संथ पट्टीत मासा येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा असतो. चालताना पायाला एकदम गार पाणी लागलं तर थांबा. तिथे खालून झरा असेल किंवा ओढा मिळत असेल. अशी जागा मी वहीत फुलीने दाखवते आणि कोणाला सांगत नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

आता उंची. पाण्याखालून माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून ती खिडकी साधारण ९७ अंशांच्या शंकूएवढी असते. मीटरभर खोल असलेल्या माशासाठी ती पृष्ठभागावर सव्वादोन मीटर रुंदीची होते. तुम्ही काठावर ताठ उभे राहिलात की त्या खिडकीत डोकावणारे शेजारी होता. खिडकीच्या कडेला सगळं चेपून बारीक दिसतं, तेव्हा जितके खाली आणि मागे असाल तितके नाहीसे होता. मी चार पावलं मागे, गुडघ्यांवर बसते. गुडघे आता कुरकुरतात, पण मासा तरी कुरकुरत नाही. आणि पाऊल हलकं टाका, कारण माशाला कंपनं अंगाच्या कडेच्या रेषेतून जाणवतात.

मोबाइलवर हवेचा दाब दाखवणारं ॲप घेतलंय. दाब पडला की मासा खातो म्हणतात. खरं का?

गणित करा. पाण्यात १ मीटर खाली गेलं की दाब साधारण ९८ हेक्टोपास्कलने वाढतो. हवामान बदलताना हवेचा दाब दिवसभरात १०–२० हेक्टोपास्कल हलला तर पुष्कळ झालं, म्हणजे वीतभर पाण्याइतका. मासा नुसता इकडून तिकडे फिरताना दिवसातून कितीदा तरी त्याहून जास्त वर-खाली करतो. दाब पडताना मासा लागला असेल, नाही म्हणत नाही, पण त्यासोबत ढग आले, ऊन उतरलं, वाऱ्याने पाणी घुसळलं. श्रेय त्यांना द्या. ॲप राहू द्या, वारा कुठून येणार ते त्यात दिसत असेल.

मी पकडलेला मासा नेहमी सोडून देतो. परवा सोडलेला मासा अर्ध्या तासाने उलटा तरंगताना दिसला. फार वाईट वाटलं. फोटो काढायला मिनिटभर लागलं असेल, बस.

ते मिनिटच महागात पडलं.

कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९२ साली इंद्रधनुषी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशावर केलेला प्रयोग सांगते. माशांना दमेपर्यंत पळवलं आणि काहींना पाण्यातच ठेवलं. १२ तासांनी त्यांतले ८८ टक्के जिवंत होते. दमवून वर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के वाचले, ६० सेकंद धरलेल्यांपैकी फक्त २८. शंभर मीटर जीव तोडून धावलेल्या माणसाचं नाक-तोंड मिनिटभर दाबून धरा आणि वर त्याला हसायला सांगा, तसं हे. तुमचा मासा ट्राउट नसेल, काही जाती जास्त चिवट असतात. पण तापलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात कुठल्याच जातीकडे राखीव दम उरत नाही.

तेव्हा दोरा जाड वापरा आणि झुंज लवकर संपवा. तासभर खेळवण्यात मर्दुमकी नाही. मासा जाळीतच, पाण्याखाली धरून गळ काढा. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवा, म्हणजे तो सहज सुटतो. हात ओले करा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो हवाच तर सोबत्याला आधी तयार राहायला सांगा आणि स्वतः श्वास रोखून मासा वर उचला. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलाच पाहिजे.

आणि काही दिवस गळ टाकूच नये. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीचं पाणी ओळीने तीन दिवस २३ अंशांपर्यंत चढलं तर दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. मध्यरात्रीपर्यंत का, असं विचाराल. नदी संध्याकाळपर्यंत तापत जाते आणि निवायला तिला रात्र लागते. ती मर्यादा ट्राउटची आहे, ऊन सोसणाऱ्या माशांना ती लावू नका. मी स्वतः एवढंच पाहते : मासे आ वासताना दिसले की गळ पिशवीतून काढत नाही. काठावर बसते, वही भरते, घरी जाते.

तळ्याच्या एका कोपऱ्यात हिरवा रंग ओतल्यासारखं पाणी झालंय. बाकी तळं स्वच्छ आहे. तिथे मासे पकडले तर चालेल?

काडी बुडवून वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर साधं शेवाळ असण्याचा संभव जास्त. रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा लेप बसला तर ते नील-हरित शैवाल समजा. नाव शैवाल असलं तरी ते जीवाणू आहेत आणि त्यांतल्या काही जाती विष तयार करतात. त्या पाण्यात हात घालू नका, कुत्रं सोबत असेल तर त्याला आवरा, आणि तिथला मासा खाऊ नका. विष उकळून जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरात असंच पाणी फुललं तेव्हा काठावरच्या अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या आणि आसपासच्या ४ लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी उकळूनही पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. वाऱ्याने आज हे एका कोपऱ्यात लोटलंय, उद्या तुमच्या कोपऱ्यात येईल.

बाई, पुन्हा मीच, तो कसाबसा पास झालेला. हे पत्र पहिल्याच्या मागोमाग टाकतोय. घरात तापाचा पाऱ्याचा तापमापक पडून आहे, पाण्यात बुडवायला चालेल का?

नाही. तापाचा तापमापक ३५ अंशांच्या खाली काही दाखवत नाही, आणि फुटला तर पारा तळ्यात जाईल. स्वयंपाकातला, टोकदार दांडीचा चालेल. आधी बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून त्यात बुडव, शून्य दाखवतो का बघ. दाखवत नसेल तर फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.