शेडवरच्या कल कोंबड्या परसात आणल्यात? आधी हे वाचा

गेल्या काही दिवसांत एकाच टाइपचे प्रश्न येतायत म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. लेअर शेडची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची बॅच संपली, मालकाने कल पक्षी, म्हणजे अंडी कमी झाली म्हणून बाद केलेल्या कोंबड्या स्वस्तात काढल्या, खाटकाकडे जाण्यापेक्षा आपल्या परसात फिरू देत म्हणून ताई-दादांनी दहा-वीस घरी आणल्या. आता तक्रार अशी की कोंबड्या कोपऱ्यात नुसत्या बसून राहतात, पाणी पीत नाहीत, चार दिवसांत अंडी बंद झाली आणि घरच्या गावरान कोंबड्या त्यांना टोचून रक्त काढतायत. एक दादा विचारतात, "साहेब, आजारी माल गळ्यात मारला का?"

बहुतेक वेळा तसं नसतं दादा. ही कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची, जवळपास सगळं आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं, पायाखाली कायम तार. तिने माती बघितलेली नाही, ऊन बघितलेलं नाही, दांडीवर चढायचं असतं हे पण तिला माहीत नाही. तिला आणल्या दिवशी अंगणात सोडली तर ती बिचकून कोपराच धरणार ना.

पाण्याचं आधी बघा, कारण मरतूक बऱ्याचदा इथूनच सुरू होते. शेडवर निपलला, म्हणजे पाण्याच्या नळीच्या तोटीला चोच मारली की थेंब येतो, एवढंच तिला ठाऊक, समोर भरलेलं भांडं असलं तरी ते पाणी आहे हे कळत नाही. एकेकीला धरून चोचीचं टोक अलगद पाण्यात बुडवा, नाकपुडी बुडू देऊ नका, दोन-तीनदा केलं की शिकते, आणि एक शिकली की बाकीच्या तिचं बघून शिकतात. चोच कापलेली असते त्यामुळे सपाट जमिनीवर फेकलेले दाणे तिला नीट उचलता येत नाहीत, खाद्य खोल भांड्यात द्या. आणि आल्या आल्या मका-ज्वारीवर टाकू नका, शेडवर जे लेअर मॅश (अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) होतं तेच आणा, एका पक्ष्याला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम धरा, मग आठ-दहा दिवसांत थोडा थोडा भरडा मिसळत जा. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा.

तो चुरा का, तर वर्षभर जवळजवळ रोज अंडं देऊन हिच्या हाडातलं कॅल्शियम कवचात गेलेलं असतं, त्यात हालचाल नाही, हाडं ठिसूळ होतात. आणि आपल्याकडे कोंबडी धरायची पद्धत काय, तर पाय धरून उलटी, मोटारसायकलच्या हँडलला लटकवायची. कृपा करून हे करू नका. दोन्ही हातांनी पंख दाबून अंगासकट उचला, आणताना डालग्यात किंवा हवेशीर क्रेटमध्ये आणा. खुराड्यातली दांडी पण सुरुवातीला वीतभरच उंच, वरून उडी मारली तर पाय मोडतो. लंगडत असेल तर वेगळी ठेवा, खाद्य-पाणी तोंडाशी द्या, आठवड्यात फरक नाही पडला तर दवाखान्यात दाखवा.

पहिला आठवडाभर बाहेर सोडूच नका, खुराड्यात भाताचं तूस जाड अंथरा आणि तिथेच राहू द्या, घर कुठलं ते कळलं पाहिजे. नंतर संध्याकाळी तास-दोन तास सोडा. काहींची मान आणि पाठ पिसं जाऊन गुलाबी उघडी पडलेली असते, ती दुपारच्या उन्हात भाजते, सावली हवीच. अंधार पडला की त्या आपणहून आत जात नाहीत, जिथे असतील तिथेच गोळा होऊन बसतात, मग मुंगूस नाहीतर कुत्रं आहेच. काही दिवस हाताने उचलून आत ठेवाव्या लागतील, कंटाळा करू नका. आत पण एकमेकींवर ढीग करून बसल्या तर खालची गुदमरते, रात्री एकदा बॅटरी मारून बघा. राख-मातीचा एक खड्डा करून ठेवा, पहिल्यांदा त्यात लोळतात ना ते बघण्यासारखं असतं, उवा पण कमी होतात.

आता अंडी. शेडवर बल्ब लावून दिवस १६ तासांचा केलेला असतो. तुमच्याकडे सूर्य देईल तेवढाच उजेड, शिवाय जागा बदलली, खाद्य बदललं, अंडी थांबणारच. पिसंही झडतील, घाबरू नका. दोन-अडीच महिन्यांची विश्रांती मिळाली की बऱ्याच जणी परत सुरू करतात, आठवड्याला तीन-चार मिळाली तरी खूप. बल्ब लावून आत्ताच अंडी काढायच्या मागे लागू नका, हाडाचं वर सांगितलंच आहे.

गावरानात लगेच मिसळल्यात तिथे मात्र चूक झाली. निदान तीन आठवडे वेगळं ठेवा, नुसतं टोचणं म्हणून नाही, रोगाची देवाणघेवाण दोन्हीकडून होते. तारेवर राहिलेल्या पक्ष्याचा विष्ठेशी फार संबंध आलेला नसतो, त्यामुळे जमिनीवर आल्यावर रक्ती हगवण पटकन धरते, तूस ओलं राहू देऊ नका, विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस शेडवर शेवटची कधी दिली ते मालकाला विचारून घ्या आणि पक्षी सावरले की पुढचा डोस ठरवू, आल्या दिवशी टोचू नका. नंतर मिसळायच्या तर मध्ये जाळी लावून आठ दिवस एकमेकींना बघू द्या आणि खाद्याची भांडी दोन ठेवा. जखमेवर जेन्शन व्हायोलेट हे जांभळं औषध लावा, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात.

एकदम तीन-चार मेल्या तर ओढ्यात फेकू नका, शेजाऱ्याला देऊ नका, पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या नंबरला फोन करा. २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते पोल्ट्रीवाल्यांना अजून आठवतंय.

एका ताईंनी विचारलंय की यांच्यात कोंबडा सोडला तर पिल्लं निघतील का. अंडी फळतील, पण ही जात सहसा खुडूक बसत नाही. अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवा, ती उबवेल.