आळवणी केली आणि मधमाश्या गायब

प्रश्न: जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार झाला म्हणून इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी केली (म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं), उरलेलं पाणी शेजारच्या भोपळ्याच्या वेलाला घातलं, आणि मर (झाड सुकवणारा बुरशीचा रोग) नको म्हणून सगळीकडे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही दिलं. कीड गेली, पण आता भोपळ्याची मादी फुलं पिवळी पडून गळतायत, मधमाशी तर दिसतच नाही. फुलं खराब झाली का? आणि माती मेली का?

उत्तर: फुलं बहुतेक ठणठणीत असतील हो, परागकण पोचत नसतील. खात्री करायची तर सकाळी लवकर, फूल पूर्ण उमललेलं असताना, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे परागकण मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच घासा. फळ धरलं तर वेल ठीक आहे, माश्याच येत नाहीयेत. (तो भोपळा खाऊ मात्र नका, उरलेलं औषध भाजीच्या वेलाला घालायचं नसतं.)

इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही आहे, म्हणजे मुळातून शोषलं जाऊन पानात, मकरंदात, परागकणातही जातं, त्यामुळे माश्या नसताना संध्याकाळी फवारा वगैरे सल्ले आळवणीला लागूच होत नाहीत. मधमाशी लगेच मरेल असं नाही, पण थोड्या मात्रेतही तिला वाट आणि फुलं लक्षात ठेवणं जड जातं. युरोपियन युनियनने 2018 मध्ये हे आणि याच गटातली अजून दोन औषधं उघड्यावर वापरायला बंद केली ती मधमाश्यांमुळेच. मातीत ते कधी काही महिने तर कधी वर्षाहून जास्त टिकतं, म्हणून शेजारच्या रानफुलांतही सापडतं.

माती मेली वगैरे नाही. पण मला विचाराल तर मातीसाठी जास्त काळजी त्या कार्बेन्डाझिमची, कारण बुरशीनाशकाला चांगली बुरशी वाईट बुरशी कळत नाही, मुळांना फॉस्फरस आणून देणारी मायकोरायझा ही चांगली बुरशी पण त्यात दबते. संशोधकांना मायकोरायझा नसलेली माती हवी असली की ते बेनोमिल हे बुरशीनाशक वापरायचे, आणि बेनोमिलचं मातीत कार्बेन्डाझिमच होतं, यावरून काय ते समजा! बॅक्टेरियांचं मात्र वेगळं, काही जाती कमी होतात आणि काही चक्क औषधच खाऊन वाढतात, औषध हळूहळू संपतं ते बरंचसं त्यांच्यामुळेच. म्हणून कुजलेलं शेणखत घाला, वर पालापाचोळा पसरा, ओल टिकवा. ट्रायकोडर्मा (मर रोखायला मातीत घालतात ती) आत्ताच नको, तीही बुरशीच, कार्बेन्डाझिम ताजं असताना घातली तर पैसे वाया.