खुर्ची, पाणी आणि चहाचं मशीन : कामावरच्या तब्येतीचे प्रश्न

कामावर तब्येत बिघडली की माणसाला उपदेश करायचा आणि जागा तशीच ठेवायची, हे या वेळच्या बहुतेक पत्रांत दिसलं. त्यामुळे उत्तरांत आधी जागेचं बोललो आहोत, सवयींचं नंतर.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. भट्टी आणि ओतकामावर १० जण असतात. एप्रिलमध्ये दोन नव्या पोरांना चक्कर आली. मुकादम म्हणतो, हल्लीची पोरं लेचीपेची. पिंपात मीठ-साखरेचं पाणी करून ठेवू का? पंखे वाढवू का?
– एक सुपरवायझर, कोल्हापूर

उत्तर : पोरं लेचीपेची नाहीत, नवी आहेत. उष्णतेची सवय व्हायला शरीराला ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाळीच्या २० टक्केच वेळ भट्टीपाशी ठेवा, म्हणजे साधारण दीड तास. बाकीचा वेळ त्याला पॅकिंगला किंवा स्टोअरमध्ये द्या. रोज २० टक्के वाढवलं की पाचव्या दिवशी पूर्ण पाळी होते. लग्नसराईत दोन आठवडे गावी राहून आलेल्या जुन्या गड्याचीही सवय मोडलेली असते. त्याला पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. मुकादमाला हे पटायला वेळ लागेल, म्हणून हजेरीपत्रकातच तसा रकाना आखा.

आता पाणी. भट्टीपाशी दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे २०० ते २५० मिली पाणी लागतं. तासाला सरासरी पाऊण लिटर धरलं तर १० माणसांना आठ तासांत ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन जार. तुमच्याकडे पाळीला किती जार येतात ते आजच मोजा. जार हाताच्या अंतरावर हवा. शेडच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ओतकाम सोडून तिथवर कोणी जात नाही. उलट टोकही टाळा. तासाला दीड लिटरच्या वर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घटतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

दोन वेळ नीट जेवणाऱ्या माणसाला बरंचसं मीठ जेवणातूनच मिळतं, त्यामुळे मुख्य पिणं साधं पाणीच असू द्या. सलग दोन तासांच्या वर घाम गाळणाऱ्यांसाठी वेगळ्या झाकणाच्या पिंपात मीठ-साखरेचं पाणी ठेवा. प्रमाण लिटरला अर्धा सपाट चमचा मीठ आणि सहा सपाट चमचे साखर. २० लिटरला मीठ ६० ग्रॅम आणि साखर अर्धा किलो होते. मोजायला वजनकाटाच वापरा. मुठीने टाकलं की मीठ हमखास जास्त पडतं, मळमळ होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पिंपाकडे कोणी बघत नाही. पाणी रोज ताजं करा, उरलेलं ओतून द्या. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. मिठाच्या गोळ्या नकोत.

पंख्यांचं जरा सांभाळून करा. भट्टीचा ताव हा किरणांचा ताव असतो, तो वाऱ्याने अडत नाही. भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केलात तर नुसत्या पंख्यापेक्षा फरक जास्त पडेल. मॅनकूलर, म्हणजे कारखान्यातला मोठा पंखा, लावाल तर शेडबाहेरची हवा आत घेणारा लावा. भट्टीवरून वाहत आलेला वारा माणसावर सोडला तर तो त्याला भाजूनच काढतो. मोल्डिंगकडे, म्हणजे वाळूचे साचे बनतात तिकडे, पंख्याचं तोंड असेल तर वाळूची धूळ उडून फुफ्फुसात जाते. ती सिलिकाची धूळ असते आणि तिने झालेला आजार बरा होत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माणूस बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा विनाकारण भांडायला उठला तर तो उष्माघात धरा. 'घाम येतोय ना, मग उष्माघात नाही' हा समज घातक आहे. अंगमेहनतीत होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. १०८ ला फोन करायला एकाला लावा. बाकीच्यांनी माणसाला सावलीत घेऊन, कपडे सैल करून, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही आणि कांदा हुंगवण्यात गेलेली दोन मिनिटं परत मिळत नाहीत.

प्रश्न : आमच्या अकाउंट्स विभागात सगळ्यांना नव्या महागड्या खुर्च्या आल्या. तरी माझी मान आणि उजवा खांदा संध्याकाळी भरून येतो. माझी उंची ५ फूट. खुर्चीत काही सेटिंग चुकतंय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोष बहुधा टेबलाचा आहे. ऑफिसचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. तुमच्या उंचीला, पाय जमिनीवर टेकतील अशी खुर्ची लावली तर बैठक ४१ सेंटिमीटरच्या आसपास येते. बसल्यावर कोपर बैठकीपासून २१-२२ सेंटिमीटर वर असतं, म्हणजे जमिनीपासून ६२-६३. टेबल त्याच्याही १२-१३ सेंटिमीटर वर. तेवढं अंतर तुम्ही दिवसभर खांदे उचलून भरून काढताय.

म्हणून खुर्ची वर घ्या. हात कीबोर्डवर असताना कोपर काटकोनात किंवा थोडं उघडं आणि खांदे पडलेले, एवढं जमेपर्यंत वर घेत राहा. आता पाय लोंबकळतील, त्यांना आधार द्या. तयार फूटरेस्ट मिळेपर्यंत ए-फोर कागदाचे दोन न फोडलेले रीम चिकटपट्टीने बांधून पायाखाली ठेवा. एक रीम ५ सेंटिमीटर जाड असतो, दोन्ही मिळून १० होतात. पाय लोंबकळते ठेवून खुर्ची नुसतीच उंच केली तर मांडीखाली कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं जायला हवीत. जात नसतील तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, पाठीमागे उशी घाला.

उजव्याच खांद्याचं कारण वेगळं असावं. अकाउंट्सवाल्यांच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग असतो, त्याच्याही पलीकडे माऊस. दिवसभर हात बाहेर ताणलेला. आकड्यांचं पॅड नसलेला आखूड कीबोर्ड घ्या आणि सुटं नंबर-पॅड डावीकडे ठेवा. आठवडाभर चिडचिड होईल, मग बोटं वळतात. ते नकोच वाटलं तर माऊस डाव्या हाताला घ्या.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. पण चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर हा नियम उलटतो. खालच्या भिंगातून बघण्यासाठी हनुवटी वर जाते आणि मान मागे मोडते. अशांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावा किंवा संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. अर्ध्या तासाने मिनिटभर उठा. रात्री अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू सुटत असतील, तर मात्र टेबल-खुर्चीचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आमच्या साड्यांच्या दुकानात १४ मुली आहेत. सणासुदीत १०-११ तास उभं राहावं लागतं आणि संध्याकाळी पाय सुजतात. स्टूल दिले तर गिऱ्हाइकांना ते बरं दिसत नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.
– एक दुकानदार, पुणे

उत्तर : जुन्या दुकानांत पांढरी गादी अंथरलेली असायची आणि साडी दाखवणारा बसूनच घडी उलगडायचा. गिऱ्हाइकाला त्यात कधी अपमान वाटला नाही. काचेचं काउंटर आलं आणि उभं राहणं म्हणजे अदब असं ठरलं. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ४४ मध्येच होतं. दुकानांसाठी तसा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात घातला. 'ह्यां'ना हे वाचून दाखवा.

काउंटरमागे ६०-६५ सेंटिमीटर उंचीचे, पाय टेकायला दांडी असलेले स्टूल ठेवा. या उंचीवर बसलेली मुलगी उभी असल्यासारखीच दिसते आणि पटकन उभी राहू शकते. दोन मुलींत एक पुरतो. ग्रॅनाइटच्या फरशीवर काउंटरमागे सेंटिमीटरभर जाड रबरी मॅट टाका, कडा उतरत्या असलेली, नाहीतर साड्यांचा गठ्ठा उचललेली मुलगी अडखळेल. पोटरी आखडली की रक्त वर ढकललं जातं, म्हणून तासातासाला टाचा १५ वेळा वर-खाली करायच्या. काउंटरमागे ते कोणाला दिसतही नाही. पोटरीपर्यंतचे दाबाचे मोजे वापरायचे असतील तर सकाळी, सूज यायच्या आधी घालावेत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर ती थकव्याची सूज समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी विचारतो. मुलींसाठी दुकानात स्वच्छतागृह आहे का? नसेल तर त्या पाणी पिणंच सोडतात आणि लघवीची जळजळ अंगावर काढतात. बाजूच्या इमारतीतलं ठरवून दिलं असेल तर किल्ली मुलींच्याच हाताशी हवी. दरवेळी शेठजींकडे मागायला लागली तर कोणी जात नाही.

प्रश्न : कंपनीच्या हेल्थ कॅम्पमध्ये ६० पैकी २५ जणांचं बीपी जास्त निघालं. रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, तर काही जण रागावले आणि पुढच्या वेळी येणार नाही म्हणतात.
– एचआर, चाकण

उत्तर : रागावले ते बरोबर केलं. माणसाचा रिपोर्ट बंद पाकिटात फक्त त्याच्या हातात द्यायचा. एचआरकडे यावी ती बेरीज, म्हणजे किती जणांचं बीपी वाढलंय, किती जणांची साखर. ग्रुपवरचे रिपोर्ट आत्ताच्या आत्ता काढा आणि झाल्या चुकीबद्दल त्याच ग्रुपवर माफी मागा.

२५ हा आकडाही तपासून घ्या. कॅम्पमध्ये लाइनीतून आलेल्या माणसाला स्टुलावर बसवतात, तो शेजारच्याशी बोलत असतो, हात लोंबकळत असतो आणि त्याने नुकतीच तंबाखू मळलेली असते. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर नेते. नीट मापायचं तर आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं. पाय जमिनीवर, मांडी घालून नाही. दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकवलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा वाढतो, म्हणून मोठा पट्टा मागवून ठेवा. ज्यांचं १४०/९० च्या वर आलं त्यांचं पुढच्या दोन आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा, मगच औषधाचं डॉक्टरांशी बोलणं. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल तर थेट रुग्णालय.

फेरतपासणीनंतरही बेरीज मोठी राहिली तर कँटीनकडे वळा. दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड आणि फरसाण रोजच्या ताटात येत असेल तर भिंतीवरचं पोस्टर निरुपयोगी आहे.

प्रश्न : ऑफिसच्या मशीनचा चहा दिवसातून पाच वेळा होतो. साखर कमी कशी करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला करता येणार नाही, साखर पावडरीतच मिसळलेली असते. ॲडमिनकडून पाकीट मागून लेबल वाचा. समजा कपाला १४ ग्रॅम पावडर पडते आणि १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम साखर आहे, तर एका कपात ७ आणि पाच कपांत ३५ ग्रॅम. बिनसाखरेची पावडर मिळते. ती भरायला सांगा आणि शेजारी साखरेच्या पुड्या ठेवा.

प्रश्न : प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवायच्या विभागात) सगळ्यांना इअरप्लग दिलेत, तरी काही जणांचे कान रात्री वाजतात.
– एक वाचक, औरंगाबाद रोड, अहिल्यानगर

उत्तर : प्लग कानाबाहेर कितीसा दिसतो ते बघा. अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर तो नुसता लटकलाय. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक काडीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. हात आधी धुवा, ग्रीसच्या बोटांनी वळलेला प्लग कान बिघडवतो.

नीट बसलेला प्लगही लोक फोनसाठी काढतात. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरली तर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. अशा १०० डेसिबलमध्ये पाळीत अर्धा तास प्लग निघाला तर दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट आवाज कानात गेला. फोन घ्यायचा तर शॉपच्या दाराबाहेर जाऊन घ्यायचा, प्लग तिथेच काढायचा आणि आत पाऊल टाकायच्या आधी पुन्हा बसवायचा.